मयताचं काम

“काका, तुम्ही मेलेला माणूस व्हाल का? दोनच दिवस.”

केयाचा फोन आला तेव्हा पद्माकर एर्लांगेनच्या मोठ्या रस्त्यावरच्या बेकरीत रांगेत उभा होता. काउंटरमागची मुलगी भुवया उंचावून पुढचं कोण असं विचारत होती, आणि पुढचा तोच होता. पण ते शब्द कानात शिरल्यावर आपण काय घ्यायला आलो होतो हेच त्याला आठवेना. समोर दिसलं त्यावर बोट ठेवलं, कागदी पिशवी घेतली आणि तो बाहेर सायकलपाशी येऊन उभा राहिला. ऊन छान पडलं होतं. विद्यापीठातली मुलं सायकली हाणत चालली होती, एक म्हातारी झाडाखाली कुत्र्याला पाणी पाजत होती. या सगळ्यात आपल्याला कुणीतरी मरण्याबद्दल विचारतं आहे, आणि तेही शनिवारी जेवायला याल का अशा आवाजात, याचं त्याला हसू आलं. अडुसष्टाव्या वर्षी हा प्रश्न गमतीचा असतो आणि नसतोही.

“नीट सांग,” तो म्हणाला.

केया म्हणजे श्रीनाथची मुलगी. आई जर्मन, बाप नाशिकचा. लहानपणी तिला मराठी सगळं समजायचं आणि उत्तर मात्र जर्मनमध्ये यायचं. पण गेल्या वर्षी श्रीनाथ गेल्यापासून ती पद्माकरशी हट्टाने मराठीच बोलत होती. वाक्यं मोडायची, शब्दांची लिंगं बदलायची, मध्येच ‘म्हणजे’च्या जागी जर्मन आल्झो घालून दम घ्यायची आणि पुढे जायची. काम करायची सिनेमाच्या निर्मितीत. कुठल्या भूमिकेला कुठला चेहरा लागेल ते शोधायचं, हा तिचा धंदा.

“आल्झो, आयरिश फिल्म आहे. समुद्राजवळ छोटी गाव. तिथे एक इंडियन डॉक्टर चाळीस वर्षं राहते आणि मरते. मग सगळे लोक त्याच्या घरी येतात, रात्रभर बसतात, चहा पितात, बोलतात. बस. एवढीच फिल्म.”

“आणि मी डॉक्टर.”

“गेनाऊ. बरोबर.”

“मेल्यानंतरचा.”

“लंडनहून एक अ‍ॅक्टर येणार होता. त्याला खोकला झालाय. मेलेल्या माणसाला खोकला चालत नाही, काका.”

पद्माकरने आयुष्यभर ट्रान्सफॉर्मरचं डिझाइन केलं होतं. शाळेच्या गॅदरिंगमध्येसुद्धा तो पडद्यामागे दोरी ओढायला असायचा. तरी हो म्हणून गेला. का म्हणालो, हे सायकल चालवत घरी येताना तो स्वतःला विचारत राहिला, आणि उत्तर नीट सापडायच्या आत घर आलं. साधना बाल्कनीत मिरचीच्या कुंड्यांशी काहीतरी करत होती. तिने हात धुतले, पिशवी उघडली.

“अहो, हे काय आणलंत? खसखशीचे पाव?”

“केयाचा फोन आला होता मध्येच. सिनेमात काम करायला बोलावतेय.”

“कुणाला?”

“मला.”

साधना हसली. तिचं हसू आधी नाकात सुरू होतं, मग ती ते दाबते, मग ते फुटतं. “कसलं काम?”

“मयताचं.”

हसू तिथेच थांबलं. साधनाने पस्तीस वर्षं विद्यापीठाच्या हॉस्पिटलात लॅबमध्ये काम केलं होतं. रक्त, पू, गाठी सगळं काचेच्या पट्टीवर घेऊन पाहिलेली बाई. अमावास्येला तिने नवी गाडी घेतली होती. “मी काही मानत नाही,” ती म्हणाली, “पण म्हणून मुद्दाम जाऊन मयताच्या पेटीत झोपायचं? आपलं वय काय, आपण करतोय काय.”

“श्रीनाथची मुलगी मागतेय गं.”

ती पुन्हा कुंडीकडे वळली. “भावजी असते तर त्यांनीच उडी मारून जागा अडवली असती,” ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, “जा. पण मला काही सांगायचं नाही. फोटो पाठवायचे नाहीत. आणि मी तिथे येणार नाही.”

श्रीनाथ आणि पद्माकर एकाच वर्षी, एकाच कंपनीत, एकाच मजल्यावर रुजू झाले होते. पद्माकर काम करायला आला होता. श्रीनाथ, त्याचं त्यालाच माहीत, पण बहुधा सिनेमा बघायला आला होता. शुक्रवारी फायरआबेंड, म्हणजे कामाची सुट्टी, झाला की तो पद्माकरच्या टेबलापाशी येऊन उभा राहायचा, आणि दोघं न्यूर्नबेर्गची गाडी पकडायचे. तिथल्या एका अरुंद थिएटरात जगातला कुठलाही सिनेमा लागायचा. पोलंडचा, इराणचा, जपानचा, आयर्लंडचा. आयरिश सिनेमांत पाऊस पडायचा, माणसं लांबलचक गप्पा मारायची, आणि कुणीतरी मेलं की घर माणसांनी भरून जायचं. श्रीनाथला ते फार आवडायचं. “बघ, आपल्यासारखेच आहेत, फक्त चहात कमी साखर घालतात,” तो कानात म्हणायचा. त्याचं कानात म्हणणं चार रांगांना ऐकू जायचं. डब केलेल्या सिनेमांवर त्याचा राग होता. सगळी जपानी माणसं आपल्या डिपार्टमेंट-प्रमुखासारखी बोलतात, अशी त्याची तक्रार होती. पद्माकरला सिनेमातलं फार कळत नव्हतं. त्याला आवडायचं ते अंधारात एका बडबड्या माणसाच्या शेजारी बसणं, आणि परतीच्या गाडीत, जे आपण नुकतंच बघितलं ते त्याच्या तोंडून पुन्हा, जास्त रंगवून ऐकणं. लग्नं झाली, मुलं झाली, तरी शुक्रवार सुटले नाहीत. साधना कधी कधी यायची. मग मुलांच्या शाळा आल्या, गुडघे आले, आणि शुक्रवार महिन्यातून एक झाला, पण राहिला.

आणि मग श्रीनाथची ट्राउअरफायर, म्हणजे निरोपाची शोकसभा. स्मशानाजवळचा स्वच्छ पांढरा हॉल, समोर फुलं, फोटो, सीडीवरची बासरी. पुढच्या कुटुंबाची वेळ ठरलेली होती, म्हणून बाहेर काळ्या कोटातली दुसरी माणसं शांतपणे उभी होती. पद्माकर जर्मनमध्ये बोलला. जन्म कुठला, शिक्षण कुठलं, कंपनीत केव्हा, कुठली पेटंटं. सगळं बरोबर होतं. लोकांनी मान हलवली. नंतर कॉफी आणि केक झाला, तोही हळू आवाजात. कुणाचं काही चुकलं नव्हतं. पण गाडीतून घरी येताना पद्माकरला वाटत राहिलं की आपण कुठल्या तरी भल्या, अनोळखी इंजिनिअरला पोचवून आलो, आणि श्रीनाथ अजून कुठेतरी रांगेत उभा राहून मागच्या माणसाशी गप्पा मारतो आहे.

शूटिंग हेर्त्सोगेनआउराखच्या कडेला होतं. खेळाच्या बुटांच्या बड्या कंपन्यांच्या काचेच्या इमारती मागे टाकून बस पुढे गेली की एक जुना रिकामा हॉल लागतो. केयाने तिथल्या हाल्टेश्टेलेवरच, बसथांब्यावरच, त्याला गाठलं. हॉलच्या आत एक घर उभं होतं. खरंखुरं घर, फक्त छप्पर नसलेलं. स्वयंपाकघरात काळी शेगडी, कपाटात निळ्या काठाच्या बशा, भिंतीवर समुद्राचं चित्र. खिडकीबाहेर काळं कापड लावून सकाळीच रात्र केली होती, आणि एक माणूस शिडीवर उभा राहून रबरी नळीने काचेवर पाऊस पाडत होता. पद्माकर दारात उभा राहून तो पाऊस बराच वेळ बघत राहिला. आपण इतक्या वर्षांत बघितलेल्या सगळ्या पावसांत किती माणसं अशी शिडीवर उभी असतील, असं त्याच्या मनात आलं, आणि फसवलं गेल्याचं वाईट वाटायच्या ऐवजी त्याला त्या शिडीवरच्या माणसाबद्दल उगाच माया वाटली.

दिग्दर्शिकेचं नाव ऑर्ला. चाळिशीची, ठेंगणी, पायात गमबूट, दातात पेन्सिल. तिचं इंग्रजी पहिल्या दिवशी पद्माकरला अर्धंच कळत होतं, पण ती हातवारे करून बोलायची, त्यामुळे भागत होतं. आयरिश घर जर्मनीत कशाला बांधलं, असं त्याने विचारलं. “समुद्र आम्ही आमच्याकडे घेतला,” ती म्हणाली. “पण सिनेमाला तीन देशांनी पैसा दिलाय, आणि प्रत्येकाला वाटतं की आपला आपल्याकडेच खर्च व्हावा. म्हणून घर इथे. आवाज बेल्जियममध्ये जोडायचे.”

“म्हणजे डॉक्टर मेले आयर्लंडात आणि ठेवलेत जर्मनीत.”

“आणि रडायचं बेल्जियममध्ये,” ती म्हणाली. दोघंही हसले, आणि पद्माकरचा अवघडलेपणा बराचसा गेला.

मेकअपची मुलगी त्याला मेलेला करत होती. तिच्याकडे मेलेल्या गोऱ्या माणसांचे रंग होते. ते लावले की पद्माकर मेलेला न दिसता गिरणीतून आल्यासारखा दिसायचा. तिने ते पुसलं, करडा घेतला, जरासा हिरवा घेतला, लांब जाऊन पाहिलं, पुन्हा पुसलं. शेवटी आरशात जो चेहरा उमटला तो पाहायला पद्माकर पुढे वाकला. तो त्याच्या वडिलांचा नव्हता, कुठल्या काकांचाही नव्हता. त्याचाच होता, फक्त त्यातून घाई निघून गेली होती. आयुष्यभर आपल्या तोंडावर कुठेतरी पोचायचं असल्याचा भाव होता, हे त्याला तो पुसल्यावर दिसलं. हा माणूस बरा दिसतोय, असंही त्याला वाटलं. आणि ते वाटल्याची थोडी भीती वाटली.

पेटीत चढायला छोटी शिडी होती. आतून पांढरं सॅटिन, आणि त्याखालून ताज्या पाइनच्या लाकडाचा वास. लंडनच्या नटाच्या मापाने केलेली असल्यामुळे पायाशी जागा उरत होती. तिथे उशी कोंबली. मग सामानाच्या माणसाने क्रूस लटकणारी एक जपमाळ आणून त्याच्या बोटांत गुंफली आणि ऑर्लाने पेन्सिल दातातून काढली. डॉक्टर हिंदू होता, ती म्हणाली. गावातल्या लोकांना काय करायचं ते माहीत नसणार, ते सवयीने माळ घालतील, मग कुणाला तरी ते पटणार नाही. “तुमच्याकडे हातात काय देतात?” तिने विचारलं. पद्माकरला सांगता येईना. मयताच्या घरी तो नेहमी बाहेर, पुरुषांच्या घोळक्यात, गाडीची व्यवस्था बघत उभा राहिलेला. त्याने पेटीत पडल्यापडल्या फोन मागवला.

“अगं, मेलेल्या माणसाच्या हातात काय देतात?”

“मला काही सांगायचं नाही म्हटलं होतं ना?”

“सांगत नाहीये. विचारतोय.”

मागे नळ वाहत होता, तो तिने बंद केला. “तोंडात तुळशीचं पान ठेवतात. गंगा असेल तर दोन थेंब. हातात काही नाही.” मग जरा थांबून, “हात मोकळेच जातात.” आणि लगेच, “जेवलात का?”

पद्माकरने ते इंग्रजीत सांगितलं. ऑर्लाने स्वतः येऊन त्याच्या बोटांतून माळ सोडवली, दोन्ही हात कडेला ठेवले, आणि कोपऱ्यात खुर्चीवर बसलेल्या म्हाताऱ्या नटीला हाक मारली. “ब्रीड, त्याचा हात मोकळा आहे. तू धर.”

ब्रीड त्यांच्याकडची नावाजलेली नटी होती, हे केयाने आधीच सांगून ठेवलं होतं. ऐंशीच्या घरातली, काठीसारखी सरळ, तोंडात सारखी पेपरमिंटची गोळी. ती गावातली शेजारीण होती आणि डॉक्टरबद्दल बोलण्याचा मोठा भाग तिचा होता. तिने पद्माकरचा हात उचलून आपल्या दोन्ही हातांत घेतला. तिचा तळवा कोरडा आणि गरम होता, अंगठी थंड. इतक्या वर्षांत साधनाखेरीज कुणा बाईने आपला हात असा सावकाश धरलेला नाही, हे त्याच्या ध्यानात आलं आणि मेकअपखाली तो लाजला.

जेवणाच्या तंबूत ती बशी घेऊन त्याच्या समोर येऊन बसली. बटाट्याचं सूप होतं. “उद्या मला तुझ्याबद्दल बोलायचंय,” ती म्हणाली. “कागदावर लिहिलंय ते चांगलं आहे. किती भला होता, किती बाळंतपणं केली. पण त्यात माणूस येत नाही. तुझं काहीतरी सांग.”

“माझं सांगण्यासारखं काही नाही,” पद्माकर म्हणाला, आणि ते खरंच होतं. “पण माझा एक मित्र होता.”

आणि मग तो सांगत बसला. जर्मन हॉलमधल्या त्या भाषणात ज्याला जागा नव्हती ते सगळं. इंग्रजी अडखळत होतं, पण थांबत नव्हतं. सूप गार झालं. ब्रीडने मध्येच एकदा खांद्याला धरून त्याला थांबवलं, कारण तिला हसताना ठसका लागला होता.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा पेटीत पडला तेव्हा जागा ओळखीची झाली होती. पाठीखाली कुठे शिवण येते, कुठल्या बाजूने वारा लागतो. ऑर्लाने युक्ती सांगून ठेवली होती: कॅमेरा दुसऱ्या कुणाकडे वळला की श्वास, तोंडावर आला की बंद, एरवी अगदी वरवर. कॅमेरा कुठे आहे ते मिटल्या डोळ्यांनी ओळखायचं, दिव्याच्या उबेवरून. ऊब गालावर आली की तो स्वतःला सोडून द्यायचा. आणि या सोडून देण्यात एक अशी गोडी होती की जिचा त्याला सुरुवातीला संशयच आला. कुणी काही विचारत नाही. उत्तर द्यायचं नाही. मुलाचा, वेदांगचा, येनाहून फोन आला तर “आलेस गुट, पपा?” “आलेस गुट”, ठीक ना, ठीक, एवढ्यातच सगळं संपतं, याचं आज काही वाटत नाही. बशा वाजत आहेत, कुणी चहा ओततं आहे, काचेवर नळीचा पाऊस. खुर्च्या ओढून माणसं बसताहेत. त्यातले निम्मे डब्लिन-गॉलवेचे नट, निम्मे एर्लांगेनमध्ये शिकणारे विद्यार्थी आणि हौशी शेजारी. सगळे आपल्यासाठी आले आहेत. आपल्यासाठी नव्हे, डॉक्टरसाठी. पण पेटीत तर आपणच आहोत. विचार एवढ्यापर्यंत यायचा आणि पाण्यावरच्या पानासारखा फिरत राहायचा.

ब्रीडने हात हातात घेतला. ऑर्लाने हळूच सुरू करा म्हटलं. ब्रीड बोलायला लागली, समोरच्या कुणाला नाही, पेटीतल्यालाच.

“त्या हंगेरियन सिनेमाचं आठवतंय का तुला?” ती म्हणाली.

हे कागदावर नव्हतं.

“आपल्या चर्चच्या हॉलमध्ये आणला होता. पाटी इंग्रजी आणि सिनेमा सगळा हंगेरियन. खाली अक्षरं नाहीत, काही नाही. माणसं उठायला लागली. आणि हा उभा राहिला. हा डॉक्टर. म्हणाला, बसा, मी सांगतो.”

खरं तर तो न्यूर्नबेर्गचा एक शुक्रवार होता. चुकीची प्रिंट आली होती, मॅनेजर दारात उभा राहून माफी मागत होता, आणि माणसं कोट घालत होती. श्रीनाथ खुर्चीवर उभा राहिला. हंगेरियनचं एक अक्षर त्याला येत नव्हतं. पडद्यावर एक शेतकरी आणि त्याची बायको गंभीर तोंडाने टेबलाशी बसली होती, आणि श्रीनाथने दोन वेगळ्या आवाजांत, खणखणीत जर्मनमध्ये, त्यांचं भांडण सुरू केलं. भांडण एका बदकावरून होतं. दार उघडून काळ्या टोपीतला माणूस आत आला. श्रीनाथने श्वास घेतला आणि सांगितलं, हा फिनान्झआम्टचा.

“आयकर-खात्याचा माणूस,” ब्रीड म्हणत होती, “असं म्हणाला हा. आणि मग तो टोपीवाला जेव्हा जेव्हा यायचा, शेतात, लग्नात, चर्चमध्ये, तेव्हा तेव्हा सगळा हॉल एका सुरात म्हणायचा, आला. बायको मेली तेव्हाही टोपीवाला आला. हा म्हणाला, बदकाचा हिशेब राहिलाय.”

खोलीतली माणसं हसायला लागली. नट हसतात तसं नाही. उशिरा, एकमेकांकडे बघून. पद्माकरने जबडा घट्ट केला. गालावर ऊब होती. थिएटराबाहेर गेलेली माणसं तेव्हा कोट हातात घेऊन परत आली होती, मॅनेजरही शेवटच्या रांगेत बसला होता. सगळं संपल्यावर एक म्हातारी पुढे आली होती. आता ब्रीड तिथेच येणार, हे त्याला कळलं, आणि ते टाळता येण्यासारखं नव्हतं.

“शेवटी एक बाई पुढे आली. बुडापेस्टची. याला म्हणाली, महाशय, तुमचा एक शब्द बरोबर नव्हता. टोपीवाला त्या बायकोचा भाऊ होता. पण मी हा सिनेमा तिसऱ्यांदा बघतेय, आणि आज पहिल्यांदा मला तो आवडला.”

आणि तेवढ्यात कॅमेऱ्यामागून, जिथून आवाज यायलाच नको होता तिथून, एक हसू नाकात सुरू झालं, दाबलं गेलं आणि फुटलं.

ते हसू पद्माकरने कुठेही ओळखलं असतं. साधना होती त्या शुक्रवारी. सातव्या महिन्यात, वेदांगच्या वेळी, दोन खुर्च्यांच्या मध्ये अवघडून बसलेली. इतकी हसली होती की तिकीट फाडणाऱ्या माणसाने घाबरून पाणी आणलं होतं. त्याने डोळे मिटूनच ठेवले. पण पोट हलायला लागलं. कोटाची बटणं वर-खाली होऊ लागली, मग खांदे, मग पेटीच हलली. पायाशी कोंबलेली उशी बाहेर पडली. मयताने तोंड उघडलं आणि मोठमोठ्याने हसायला लागलं.

“कट,” ऑर्ला म्हणाली, आणि स्वतःच खाली बसली.

तो उठून बसला. दिव्यांपलीकडे साधना उभी होती, हातात कापडी पिशवी, डोळ्याला पदर लावायला पदर नव्हता म्हणून ओढणीचं टोक. तिच्या शेजारी केया. केयाच्या गळ्यात हेडफोन लोंबत होते आणि ती हसत होती की रडत होती ते कळत नव्हतं, दोन्ही असावं.

“बाबाने केलं हे?” तिने विचारलं. “माझ्या बाबाने?”

“तुझ्या बाबाने.”

“मला कुणीच नाही सांगितलं.” मग जर्मनमध्ये काहीतरी म्हणाली, आणि पुन्हा मराठीत, “अजून आहे?”

“पुष्कळ आहे,” पद्माकर म्हणाला. पेटीत बसून हे वाक्य म्हणताना त्याला इतकं हलकं वाटलं की तो पेटीच्या कडांना धरून राहिला.

साधना माफी मागायला ऑर्लाकडे गेली होती. ऑर्लाने तिचे दोन्ही हात धरले. मयताच्या घरी कुणी हसलं नाही तर माझी आजी म्हणायची, बिचाऱ्याला मित्र नव्हते, असं काहीसं ती सांगत होती. ध्वनिमुद्रण करणाऱ्याने मान हलवून खूण केली: बाईंचं हसू स्वच्छ आलं आहे. मयताचं हसणं वापरता येणार नाही, पण हे वापरता येईल. स्वयंपाकघरातून कुणी हसलं असं होईल.

“माझं हसू? सिनेमात?” साधना म्हणाली. “नीट केस तरी विंचरून आले असते.” मग पेटीकडे वळून, “आणि तुम्ही तिथे बसून खाणार असाल तर डबा परत नेते. उतरा खाली.”

तो उतरला. गळ्यात टॉवेल खोचून त्याने बटाट्याची भाजी आणि पोळी खाल्ली. न येण्याचं ठरवलेल्या साधनाला त्याने का आलीस विचारलं नाही. तिनेच सांगितलं. “काल तो फोन ठेवला आणि घरात बसवेना. म्हटलं, बघावं तरी काय मांडलंय.” तिने बोटाने त्याच्या कानामागचा करडा रंग तपासला, लॅबमध्ये तपासावा तसा. “चांगला केलाय,” ती म्हणाली. “फार चांगला केलाय.”

जेवणानंतर पुन्हा तोच प्रसंग. या वेळी पद्माकर सावध होता. ब्रीड बोलत होती, खोली हसत होती, आणि तो खाली खाली जात राहिला, जिथे गोष्टही लांबून येणाऱ्या रेडिओसारखी वाटते. ऊब गालावर आली आणि थांबली. ऑर्लाला त्याचा चेहरा लांबवर हवा होता. छातीत श्वासाची मागणी झाली, त्याने ती नाकारली, पुन्हा झाली, मंद, तीही नाकारली. यात एक अभिमानही होता. इतकं नीट काम आपण क्वचितच केलं. अजून थोडं. अजून थोडं राहता येईल.

खुर्ची सरकली. भरभर पावलं आली. पेटीच्या दुसऱ्या बाजूने, कानाशी, अगदी हळू आवाजात साधना म्हणाली, “अहो, श्वास घ्या.”

त्याने घेतला. कॅमेऱ्यासमोर, सगळ्या गावासमोर, छाती भरून. पाइनचा वास, पेपरमिंट, चहा, साधनाच्या हाताला असलेला हळदीचा वास. डोळे उघडले तर ती वाकलेली होती, आणि तिच्या तोंडावर जे होतं ते त्याने बत्तीस वर्षांपूर्वी वेदांग जन्मला त्या सकाळी पाहिलं होतं, त्यानंतर नाही.

“मी होतो इथेच,” तो म्हणाला.

“असाल,” ती म्हणाली. “मी आता इथून हलणार नाही. काय करायचं ते करा.”

केयाने भाषांतर केलं. ऑर्लाने कॅमेऱ्यातून पाहिलं, साधनाला थोडं खाली, पेटीच्या आडोशाला, बुटक्या स्टुलावर बसायला सांगितलं. तिथून ती दिसत नव्हती, आणि तिला मात्र कॅमेऱ्याशेजारचा लाल दिवा नि माणसांच्या हालचाली सगळं दिसत होतं. एक हात ब्रीडकडे. दुसरा, सॅटिनच्या आतल्या बाजूला, साधनाने घेतला. “माझ्याकडे लक्ष ठेवा,” ती म्हणाली. “कॅमेरा तिकडे फिरला की मी अंगठा दाबीन. तेव्हा घ्यायचा. एरवी नाही.”

“बरं.”

“आणि मी दाबला नाही तर?”

“तर नाही घ्यायचा.”

“शहाणपणा नको. जास्त वेळ झाला तर घ्यायचा.”

ऑर्लाने सुरू करा म्हटलं. काचेवर पाऊस लागला. ब्रीडने पेपरमिंटची गोळी गालात सरकवली आणि विचारलं, हंगेरियन सिनेमाचं आठवतंय का तुला, आणि माणसं जणू पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी जवळ सरकली. साधनाचा अंगठा दाबला गेला. पद्माकरने श्वास घेतला. पुन्हा दाबला; पुन्हा घेतला. दिव्याची ऊब कुठे आहे हे ओळखायची त्याला आता गरजच राहिली नव्हती. बदक आलं. टोपीवाला आला. कोपऱ्यातून केयाचं हसू आलं, तोंडावर हात दाबून धरलेलं, आणि कुणी तिला गप्प केलं नाही. मग गालावर ऊब आली आणि सगळी खोली त्याच्याकडे बघते आहे हे त्याला कळलं. या वेळी अंगठा बराच वेळ हलला नाही. तो तळव्यावर तसाच टेकलेला होता, उबदार, किंचित ओला. पद्माकर थांबला. त्याला काही घाई नव्हती.